मागचा टायर घरी बदलताना: सगळी गोम रिमच्या पन्हळीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्पोकच्या चाकाची जुनी स्प्लेंडर, मागे ड्रम ब्रेक, ट्यूबवाला २.७५-१८ टायर. मागच्या वेळी दुकानात टायर टाकून घेतला, तर दुसऱ्याच दिवशी चाक बसलं. ट्यूब काढली तेव्हा शेजारीशेजारी दोन बारीक चिरा निघाल्या, रिमवरही ओरखडे होते. आता तो टायरही गुळगुळीत झालाय आणि पावसाळा तोंडावर आलाय. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलता येईल का, आणि ट्यूब पुन्हा फाटू नये म्हणून काय करायचं?

येईल. पहिलीच वेळ असेल तर अडीच-तीन तास मोकळे ठेवा. सुरुवात त्या दोन चिरांपासून करू, कारण हे काम कुठे बिघडतं ते त्या सांगतात. खिळा घुसला तर ट्यूबला एकच भोक पडतं आणि ते बहुतेक वेळा रस्त्याकडच्या अंगाला असतं. टायर नुकताच बसवलाय आणि रिमकडच्या अंगाला चिरांची जोडी निघाली, तर ट्यूब लिव्हरचं (टायर उचकटायच्या पट्टीचं) टोक आणि रिमची कड यांच्यात चिमटली होती असं समजा. खड्ड्यात आपटूनही अशी जोडी पडते, पण त्यासाठी हवा बरीच कमी असावी लागते. मग लिव्हर इतका खोल का घालावा लागला? टायरची शेवटची वीतभर कड चढत नव्हती म्हणून. आणि ती चढत नव्हती, कारण समोरच्या बाजूची कड पन्हळीतून वर आली होती.

ही पन्हळ नीट समजून घ्या. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारा असतात. या कडेला बीड म्हणतात आणि ती अजिबात ताणली जात नाही. रिमची बाहेरची कड बीडच्या घेरापेक्षा मोठी असते, म्हणजे सरळ ढकलून टायर कधीच चढणार नाही. पण रिम मधोमध खोल असतो. पत्र्याच्या घराला पन्हळ असते तसाच, फक्त गोल फिरलेला. एका बाजूची बीड या पन्हळीत उतरवली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि तिथे बीड रिमच्या कडेवरून पार होते. कासार बांगडी भरताना बांगडी ताणत नाही, तो हात दाबून बारीक करतो. इथेही तसंच आहे. लिव्हरवर अंगाचा भार द्यावा लागतोय असं वाटलं की हात थांबवा, समोरची बीड कुठे आहे ते बघा आणि ती गुडघ्याने परत पन्हळीत दाबा. हे जमलं की बाकीचा भाग सोपा आहे.

सामान फार लागत नाही. २५ ते ३० सेंटिमीटर लांबीचे, गोल टोकाचे तीन टायर लिव्हर घ्या. दोन कमी पडतात, कारण दोन धरून ठेवल्यावर तिसऱ्याने पुढे जायचं असतं. स्क्रूड्रायव्हरने हे काम करू नका, ट्यूब फाडायला त्याचं चौकोनी टोक पुरेसं आहे. लिव्हरच्या टोकावर धारदार कंगोरा असेल तर कानशीने घासून घ्या. व्हॉल्व्हची पिन काढायची छोटी चावी, एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) नटाला नीट बसणारा रिंग पाना, दुसऱ्या बाजूचं डोकं धरायला दुसरा पाना, पक्कड, हातोडा, गेजसह पायपंप, सुताराचा सी-क्लॅम्प, लाकडाच्या दोन फळ्या, थोडं ग्रीस, टाल्कम पावडर आणि भांडी घासायचं लिक्विड. लिव्हर आणि क्लॅम्प रविवार पेठेत बोहरी आळीत मिळून जातील. टायर, ट्यूब, रिम टेप आणि स्प्लिट पिन (वाकवायचे दोन पाय असलेली पिन) यांच्यासाठी नाना पेठेत एक फेरी मारली की काम होतं. नटासाठी ॲडजस्टेबल पाना वापरू नका. गंजलेल्या नटाचे कोपरे त्याने एकदा गोल झाले की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

टायर घेताना माप जुन्या टायरच्या भिंतीवर आहे तेच घ्या. रुंद टायर टाकायचा मोह होतो, पण अरुंद रिमवर रुंद टायरची कड आत ओढली जाते, टायरचा माथा जास्त फुगीर होतो आणि बंद चेनकव्हरच्या गाडीत तो कव्हरला घासण्याचीही शक्यता असते. मापाशेजारी भार आणि वेगाचा जो निर्देशांक असतो, त्यापेक्षा खालचा घेऊ नका. मग भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का शोधा. २३२५ असेल तर २०२५ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. तीन-चार वर्षं दुकानात पडलेला टायर दिसायला नवाच दिसतो, पण रबर कडक झालेलं असतं. चढवताना त्रास देतो आणि ओल्या रस्त्यावर पकड देत नाही.

ट्यूब नवीच घ्या, जुनी चांगली असली तरी. वापरलेली ट्यूब थोडी वाढलेली असते, नव्या टायरात तिला घड्या पडतात आणि घडीवर घासून काही महिन्यांत ती फुटते. रिम टेपही नवी घ्या. स्पोकच्या निपलांची (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटांची) डोकी आणि ट्यूब यांच्यामध्ये तीच एक गोष्ट असते.

आता चाक काढणं. सायलेन्सर गार होऊ द्या. गाडी अजून दोन्ही चाकांवर, साइड स्टँडवर असतानाच एक्सलच्या नटाची पहिली पकड सोडवून घ्या, कुणाला तरी गाडी धरायला सांगा. मेन स्टँडवर घेतल्यावर लांब पान्याला हिसका दिला तर गाडी स्टँडवरून पुढे उतरते. नट गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. पण ड्रमच्या बाजूला बेताने, ब्रेक लायनरवर उडाला तर लायनर वाया जातं.

स्प्लेंडरच्या घडणीच्या गाड्यांत चेनच्या बाजूला दोन नट दिसतात. चेन ॲडजस्टरला टेकलेला मोठा तो स्लीव्ह नट. त्याला हात लावायचा नाही. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आणि चेन त्याच्यावर जागच्या जागी राहतात आणि चाक एकटं बाहेर येतं. चेनकव्हर उघडावं लागत नाही, चेनचा ताणही बदलत नाही. चुकून स्लीव्ह नट सोडला तर अर्ध्या तासाचं काम वाढतं.

मेन स्टँडखाली दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची फळी सरकवा, म्हणजे चाक मडगार्डखालून निघायला जागा होते. पुढच्या चाकाला वीट लावा. दोन्हीकडच्या ॲडजस्टरच्या खुणा कितव्या रेघेवर आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग ब्रेक रॉडचा नट काढा, रॉड सुटल्यावर त्याची स्प्रिंग आणि गोल पिन परत रॉडवरच लावून नट दोन आटे फिरवून ठेवा, हरवत नाही. ब्रेक पॅनेलला (ड्रमच्या झाकणाला) स्विंगआर्मशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याशी) जोडणारी पट्टी असते, ती टॉर्क आर्म. तिची स्प्लिट पिन काढून बोल्ट सोडा. शेवटी एक्सलचा नट पूर्ण काढा आणि एक्सल त्याच्या डोक्याच्या बाजूने हळूहळू फिरवत ओढा. अडला तर टोकावर लाकडाचा तुकडा ठेवून ठोका. आट्यांवर सरळ हातोडा मारला तर नट परत बसणार नाही.

एक्सल निघताच ब्रेक पॅनेल आणि स्विंगआर्म यांच्यामधला स्पेसर खाली पडतो. कोणतं तोंड आत होतं ते बघून ठेवा. तो निघाला की तेवढी जागा होते. चाक ब्रेकच्या बाजूला सरकवलं की कपलिंग रबरांतून (चाक आणि स्प्रॉकेट यांच्यामधल्या रबरांतून) सुटतं आणि थोडं तिरकं करून मागे निघतं. निघताना ब्रेक पॅनेल हातात घ्या. ड्रममधली काळी धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं फेकून द्या.

चाक फरशीवर तसंच आडवं टाकू नका. जुना टायर किंवा जाड दुमडलेलं गोणपाट खाली घ्या. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या, व्हॉल्व्हचा बाहेरचा नट काढा. आता बीड रिमवरून सुटी करायची. वर्षानुवर्षं बसलेली बीड गंजाने चिकटलेली असते. टाचेने टायरवर, रिमच्या अगदी जवळ दाब देत गोल फिरा. सुटली नाही तर रिम आणि टायर यांच्या फटीत साबणाचं पाणी सोडा, दहा मिनिटं थांबा आणि सी-क्लॅम्पने दोन्ही भिंती एकमेकींकडे आवळा. दोन-तीन ठिकाणी आवळलं की बीड आवाज करत पन्हळीत पडते. दुसरी बाजूही तशीच. साबणाचं पाणी साधारण एक भाग लिक्विड आणि दहा भाग पाणी इतकं पातळ चालतं. तेल, ग्रीस, डिझेल यांपैकी काहीही नको. त्यांनी रबर खराब होतं, आणि ते वाळत नसल्यामुळे टायर नंतर रिमवर घसरतो.

काढायला सुरुवात व्हॉल्व्हपाशी करा. समोरच्या बाजूला दोन्ही गुडघे टायरवर टेकवून बीड पन्हळीत दाबून ठेवा. पहिला लिव्हर बीडच्या खाली जेमतेम अडकेल इतकाच घाला आणि खाली वाकवा. त्याच्यापासून पाच-सात सेंटिमीटरवर दुसरा, मग तिसरा. एका वेळी लांब घास घेतला की जोर लागतो, म्हणून छोटेच घ्या. तिसऱ्यानंतर मधला आपोआप सैल होतो, तो काढून पुढे लावा. हातभर अंतर झालं की बाकीची बीड हाताने निघते. मग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने ट्यूब बाहेर ओढत या आणि शेवटी व्हॉल्व्ह भोकातून काढा. दुसरी बीडही त्याच बाजूने काढायची. चाक उभं धरा, टायर आणि रिम यांच्यात लिव्हर घाला, बीड कडेवर आणा आणि टायर ढकलून द्या.

आता रिम उघडा आहे, ही संधी चार-पाच वर्षांतून एकदाच येते. जुनी रिम टेप काढा. पन्हळीतला गंज तारेच्या ब्रशने आणि सँडपेपरने घासा, पुसा, वाटल्यास गंजरोधक रंगाचा हात मारून पूर्ण वाळू द्या. एखाद्या स्पोकचं टोक निपलाबाहेर डोकावतंय का ते बोट फिरवून बघा. असेल तर कानशीने सपाट करा. प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकी टिचकी मारा. घट्ट स्पोक टणत्कार देतो, ढिला ‘थड’ वाजतो. ढिले स्पोक दोनपेक्षा जास्त असतील तर टायर चढवण्याआधी चाक ट्रूइंगवाल्याकडे (स्पोक आवळून चाक सरळ करणाऱ्याकडे) द्या. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली किंवा अडखळलं तर आत्ताच बदला, नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. कपलिंग रबरं चेपली असतील तर तीही आत्ताच, गिअर बदलताना मागून बसणारा धक्का बऱ्याचदा तिथूनच येतो. ब्रेक लायनर चकाकत असेल तर सँडपेपरने वरचा थर काढा.

नवा टायर बसवण्याआधी अर्धा तास उन्हात ठेवा. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत वीस मिनिटंही पुरतात, तेवढ्यात रबर इतकं नरम होतं की फरक हाताला कळतो. पावसाळ्यात काम निघालं तर घरात उबदार जागी ठेवा. आतून टाल्कम पावडर भुरभुरा, ट्यूबवरही चोळा. त्याने ट्यूब टायरला चिकटत नाही आणि हवा भरताना स्वतःची जागा घेते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं तिकडे हवा. ड्रम कोणत्या बाजूला येतो ते बघून आत्ताच ठरवा, कारण इथली चूक सगळं बसवल्यावर लक्षात येते. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी आणा. तिथे टायर सगळ्यात हलका असतो आणि व्हॉल्व्हच्या वजनाने तोल साधतो.

नवी रिम टेप लावा, तिचं भोक रिमच्या भोकावर तंतोतंत आणा. पहिल्या बीडला साबणाचं पाणी लावा, एक बाजू पन्हळीत घाला आणि उरलेली दाबत जा. बहुतेक वेळा ही बीड हातानेच चढते. मग ट्यूब. तिच्यात दोन-तीन पंप हवा भरा. ती फक्त गोल दिसली पाहिजे, फुगली नको. अजिबात हवा नसेल तर तिला घड्या पडतात आणि लोंबलेला भाग लिव्हरखाली येतो. जास्त असेल तर जागाच उरत नाही. व्हॉल्व्ह भोकातून बाहेर काढा आणि त्याचा नट फक्त दोन-तीन आटे फिरवा. बाकीची ट्यूब टायरच्या आत सारखी लावून घ्या, पीळ पडलेला नको.

दुसरी बीड चढवायला सुरुवात व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. हा क्रम उलटा केला की मघाच्या चिरा आल्याच. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूबचं रबर जाड असतं, ते पन्हळीतली जागा खातं, त्यामुळे तिथे बीड खोल जात नाही. ती जागा शेवटी ठेवली की समोरची बीड पूर्ण खोल बसलेली असते आणि ढील व्हॉल्व्हकडे मिळते. गुडघ्यांनी समोरची बाजू दाबून ठेवा आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून बीड व्हॉल्व्हच्या दिशेने चढवत या. शेवटी वीत-दीड वीत उरेल, तिथेच लिव्हर. साबणाचं पाणी पुन्हा लावा. लिव्हर रिमच्या कडेला टेकवून बीड उचलण्यापुरताच आत जाऊ द्या आणि तो सरळ उभा होईल इतकाच उचला, त्याच्या पलीकडे वाकवला की टोक ट्यूबमध्ये शिरतं. प्रत्येक घासाआधी फटीत डोकावून ट्यूब दिसतेय का ते बघा. दिसली तर बोटाने आत ढकला.

शेवटचा घास ‘टप्’ करून आत गेला की लगेच हवा भरू नका. व्हॉल्व्ह अंगठ्याने टायरच्या आत ढकला आणि परत बाहेर ओढा. तो मोकळा आत-बाहेर झाला तर तिथे ट्यूब बीडखाली अडकलेली नाही. मग दोन्ही बाजूंनी भिंत आत दाबत पूर्ण गोल फिरा. कुठेही ट्यूबचा काळा ओठ बीडखालून डोकावत असेल तर ते बोट-दोन बोट उघडून परत बसवा. या दोन मिनिटांनी पुढचा पंक्चर टळतो.

पिन लावून हवा भरा. टायरच्या भिंतीवर रिमच्या कडेलगत एक बारीक गोल रेघ असते. ती दोन्ही बाजूंनी, सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली की बीड नीट बसली. ४० पीएसआयपर्यंत भरा, त्याच्या पुढे नको. एखाद्या ठिकाणी रेघ आत गेलेली दिसली तर हवा सोडा, तिथे साबणाचं पाणी लावा, चाक उभं धरून जमिनीवर हलकं आपटा आणि परत भरा. रेघ बरोबर बसल्यावर सगळी हवा पुन्हा एकदा सोडा आणि परत भरा. पहिल्या भरणीत ट्यूबला राहिलेल्या घड्या यामुळे मोकळ्या होतात. शेवटचा दाब मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असेल तो, एकट्याचा वेगळा आणि मागे माणूस बसवून वेगळा. पायपंपावरच्या गेजवर फार विसंबू नका. पेट्रोल पंपावर गार टायरवर एकदा पडताळून घ्या.

आता तो व्हॉल्व्हचा नट. तो पक्का आवळून रिमला टेकवू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. दाब कमी असताना टायर रिमवर थोडा थोडा सरकतो आणि ट्यूबला सोबत नेतो. नट मोकळा असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला बाहेरून दिसतो आणि वेळीच कळतं. नट आवळलेला असेल तर काहीच दिसत नाही आणि एक दिवस व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. तिरका व्हॉल्व्ह दिसला की हवा पूर्ण सोडून टायर फिरवून घ्या.

चाक परत लावताना क्रम उलटा. एक्सल पुसून ग्रीसचा पातळ हात द्या, पण ड्रम आणि लायनरजवळ जाण्याआधी हात धुवा. पॅनेल ड्रममध्ये, चाक कपलिंगमध्ये, स्पेसर त्याच्या जागी त्याच तोंडाने, मग एक्सल. टॉर्क आर्म लावून नवी स्प्लिट पिन घाला आणि तिचे पाय वाकवा. घाईत सगळ्यात जास्त विसरला जाणारा आणि सगळ्यात घातक भाग हाच. तो बोल्ट नसेल तर पहिल्याच जोरदार ब्रेकला पॅनेल चाकाबरोबर फिरतं, ब्रेक रॉड वाकतो आणि चाक जाम होतं. कात्रजच्या उतारावर असं झालं तर सावरायला वेळच मिळत नाही.

एक्सलचा नट आवळताना कुणाला तरी मागचा ब्रेक पायाने दाबून ठेवायला सांगा. लायनर ड्रमला सगळीकडून टेकतात, पॅनेल मधोमध येतं आणि नंतर ब्रेक लावताना थरथर होत नाही. या वर्गातल्या गाड्यांना साधारण ५५ ते ७० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क रेंच (आवळायचा जोर मोजणारा पाना) नसेल तर ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २० किलोंचा जोर दिला की ६० न्यूटन-मीटरच्या जवळ जातं. पान्यावर उभं राहून आवळू नका. आवळण्याआधी ॲडजस्टरच्या खुणा फोटोशी ताडून बघा, दोन्हीकडे सारख्या रेघेवर हव्यात. चाक तिरकं बसलं तर टायर एका बाजूने झिजतो आणि चेन कुरकुरते.

ब्रेक रॉडचा नट आवळत पायाच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. चाक हाताने फिरवा, ते सहज फिरलं पाहिजे. ब्रेक सोडल्यावरही सतत घासत असेल तर चाल कमी पडली. मागचा दिवा ब्रेकबरोबर लागतो का तेही बघा.

ट्यूबलेस टायर आणि अलॉय चाक असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. चाक काढण्यापर्यंत सगळं असंच, पण ट्यूबलेसची बीड रिमच्या उंचवट्यापलीकडे बसलेली असते, सुटायला जास्त जोर लागतो. आणि परत बसताना एकदम भरपूर हवा लागते. पायपंपाने हवा फटीतून निघून जाते. टायरच्या माथ्यावरून पट्टा आवळून काही वेळा जमतं, पण सरळ मार्ग म्हणजे चाक घरी काढायचं, रिम घरी साफ करायचा आणि चाक पिशवीत घालून कॉम्प्रेसरवाल्याकडे न्यायचं. पेट्रोल किंवा स्प्रे आत मारून काडी लावायचे व्हिडिओ फिरतात, तसलं काही करू नका. लिव्हर लावताना अलॉयच्या कडेवर इंजिन ऑइलच्या रिकाम्या कॅनचे कापलेले तुकडे ठेवा, ओरखडे येत नाहीत. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह टायरबरोबर बदलाच. मागे डिस्क असेल तर चाक बाहेर असताना पेडल दाबू नका, पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घाला आणि चाक डिस्कवर आडवं ठेवू नका.

मेन स्टँड नसलेली गाडी, १३० किंवा त्याहून रुंद टायर, किंवा जोर लावूनही न हलणारा एक्सल असेल तर घरी हट्ट नको.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला चकचकीत थर असतो. पहिले १०० ते १५० किलोमीटर वळणावर फार झुकवू नका, ब्रेक आधीपासून लावा. पहिल्या पावसात धूळ आणि ऑइल वर येऊन रस्ता निसरडा होतो, म्हणून नवा टायर टाकायचा असेल तर पाऊस सुरू होण्याआधी आठवडाभर टाका. ५० किलोमीटरनंतर एक्सलचा नट, टॉर्क आर्मची पिन आणि हवा परत बघा. टायरमध्ये झीज दाखवणारे उंचवटे खाचांच्या तळाशी असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटरची मर्यादा आहे, पण पुण्याच्या पावसात त्याच्या आधीच बदलायला घ्या.

जुना टायर विकत घेतला त्याच दुकानात परत द्या, बहुतेक जण ठेवून घेतात. गच्चीवर ठेवू नका, पावसाचं पाणी साचून डास होतात. होळीतही टाकू नका, त्याचा धूर सगळ्या गल्लीच्या छातीत जातो.